सातासमुद्रापलीकडचे समन्स

चंद्रपूर आणि गडचिरोली हे वनांचे जिल्हे १९८२ पर्यंत एकच होते. समन्स माणसाच्या हाती देणे म्हणजे काय, हे येथील बेलिफाइतके कोण जाणतो? पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा मार्गच खुंटतो. पण आता येथील मुलीही परदेशी स्थायिक झालेल्या वरांना दिल्या जातात, आणि संसार मोडला तर कागद येतो तो थेट तिकडच्या न्यायालयातून.

समजा, ब्रह्मपुरीस किंवा वडशास माहेरी परतलेल्या मुलीच्या नावे कुरियरने जाड लिफाफा आला. आत अमेरिकेतील न्यायालयाचे घटस्फोटाचे समन्स, आणि उत्तराची मुदत काही दिवसांची. घर हादरून जाते. अशा वेळी प्रथम पाहावयाचे ते हे, की कागद आला कोणत्या मार्गाने. परदेशी बजावणीविषयीचा १९६५ चा हेग करार भारताने २००६ मध्ये स्वीकारला, आणि १ ऑगस्ट २००७ पासून तो आपणांस लागू झाला. तो स्वीकारताना टपालाने होणाऱ्या थेट बजावणीस भारताने हरकत नोंदविली. म्हणून अशा कागदाने दिल्लीच्या विधी व न्याय मंत्रालयाकडे यावे, तेथून जिल्हा न्यायालयाकडे, आणि मग नाझराच्या आज्ञेने बेलिफाने तो दारी द्यावा. कुरियरवाल्याच्या चिठ्ठीवरील सही म्हणजे बजावणी नव्हे.

म्हणून लिफाफा चुलीत घालावा काय? मुळीच नाही. तिकडचा न्यायाधीश खटला पुढे चालवू शकतो. पण घाईने उत्तर धाडणेही घातक. मिसुरी राज्यातील न्यायालयाने दिलेला घटस्फोट सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये, नरसिंह राव विरुद्ध वेंकटलक्ष्मी या खटल्यात, मान्य केला नाही. ज्या कायद्याने विवाह झाला त्याच कायद्याचे अधिकारक्षेत्र आणि त्याचीच कारणे हवीत, असा तो निर्णय. मात्र पत्नीने स्वेच्छेने तिकडचे अधिकारक्षेत्र मान्य केले, किंवा घटस्फोटास संमती दिली, तर हे कवच गळून पडू शकते. म्हणून वकिलाच्या सल्ल्याने, अधिकारक्षेत्राची हरकत प्रथम लिहूनच उत्तर द्यावे.

एक गोष्ट मात्र खटकते. करारान्वये येणारे कागद इंग्रजीत असावेत वा त्यांस इंग्रजी भाषांतर जोडलेले असावे, अशी अट भारतानेच घातली आहे. मराठीचे नाव नाही; मग माडिया, गोंडी, सिरोंच्याची तेलुगू यांची गोष्टच दूर. कागद हाती पडला, पण अर्थ कोणी सांगायचा? ज्याला आरोप वाचताच येत नाही, त्याला सूचना मिळाली असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

उलट दिशेची वाट त्या मानाने सोपी आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पाचव्या आदेशातील पंचविसाव्या नियमानुसार परदेशस्थ प्रतिवादीस टपालाने समन्स धाडता येते, आणि अमेरिकेने टपालास हरकत घेतलेली नाही. पक्की पोच हवी असेल तर करारातील विहित नमुना भरावा, कागदांच्या दोन प्रती जोडाव्यात आणि बजावणीचा दाखला मागवावा. या साऱ्यास जावयाचा खरा पत्ता मात्र हवा; पत्ता अज्ञात असेल तर हा करार लागूच होत नाही. म्हणून लग्न ठरतानाच तिकडच्या घराचा आणि नोकरीचा पत्ता, पारपत्राची प्रत मुलीच्या वडिलांनी कपाटात जपून ठेवावी.