एका वर्षात 172 खून

आजचा भाग छोटा आहे, पण विषय जड आहे: म्हाताऱ्या माणसांचे खून.

इंग्लंड-वेल्समध्ये दरवर्षी किती खून नोंदले गेले, याचा आलेख पाहिलात तर 2002-03 ला रेष एकदम वर उडते. मला वाटलं, त्या वर्षी झालं तरी काय? तर त्यातले 172 खून एकाच माणसाचे होते, आणि तो 1998 पासूनच तुरुंगात होता! खून कित्येक वर्षांत झाले, पोलिसांच्या वहीत मात्र सगळे एकदम चढले. घटना कधी घडली आणि नोंद कधी झाली, हे दोन रकाने वेगळे. आमच्या कामात ही गल्लत रोजची. इथे एकेक ओळ म्हणजे कुणाची तरी आई होती.

हा माणूस म्हणजे हॅरॉल्ड शिपमन, मँचेस्टरजवळच्या हाइडचा फॅमिली डॉक्टर. घरी तपासायला जायचा, डायमॉर्फिन टोचायचा आणि मृत्यूचा दाखलाही स्वतःच लिहायचा. 2000 साली 15 खुनांसाठी जन्मठेप झाली. चौकशी समितीने 2002 मध्ये आकडा 215 वर नेला. बहुतेक वयस्कर बायका. मागाहून त्यांच्या मृत्यूच्या वेळा मांडल्या, तर दुपारी दोनच्या आसपास ढीग दिसतो. इतर डॉक्टरांच्या पेशंटचे मृत्यू दिवसभर विखुरलेले.

पण तो पकडला गेला तो या आकड्यांमुळे नव्हेच. 81 वर्षांच्या एका बाईचं बनावट मृत्युपत्र निघालं, आणि तिची मुलगी नेमकी वकील होती. मग त्याचा कॉम्प्युटर तपासला. मेल्यानंतर पेशंटच्या नोंदींत त्याने मागच्या तारखा टाकून आजार घुसवले होते. नोंद खरी कधी टाइप झाली, हे हार्ड डिस्कवर शाबूत होतं. (लॉग ठेवत जा रे, म्हणतो ते उगाच नाही.)

आपल्याकडे एनसीआरबीच्या अहवालात साठीपुढच्यांच्या खुनांचे आकडे वेगळे मिळतात. त्यातही तेच खून येणार, ज्यांचा कुणाला तरी संशय आला.

आमची आजी 84 व्या वर्षी घरीच गेली. डॉक्टर आले, नाडी पाहिली, वय विचारलं, "वय झालंच होतं" म्हणाले आणि सही केली. पाच मिनिटं लागली असतील. संशय वगैरे काही नाही हं, आई शेजारीच बसली होती. पण त्यांनी दुसरा एकही प्रश्न विचारला नाही, आणि तेव्हा आम्हा सगळ्यांना ते बरंच वाटलं होतं.