ऋण आणि चोरी



कलावंताची स्फूर्ती या विषयावर बोलायला कामगार संघटनेतला माणूस उभा केलात, याचे काहींना नवल वाटले असेल. स्फूर्ती आकाशातून उतरते, असे पुष्कळांचे मत आहे. आकाशातले मला काही कळत नाही. पण एका कारागिराचे चोख काम पाहून दुसऱ्याचे हात शिवशिवू लागतात, हे मी कारखान्यात अनेकदा पाहिले आहे. कलावंताचेही तसेच असते. त्याचा दाखला आपल्या पुण्यातच आहे. प्रभात रस्त्याला ज्या कंपनीचे नाव मिळाले, तिची वंशावळ आज पाहू.

धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१० च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता आणि त्यांच्या मनात राम-कृष्ण उभे राहत होते. राजा रविवर्म्याच्या छापखान्यासाठी त्यांनी पूर्वी शिळाछापाचे काम केलेले होते. देवादिकांना माणसाचे रूप कसे द्यावे, हे त्यांनी त्या चित्रांत जवळून पाहिले होते. दोन कलावंतांचे हे धन घेऊन ते कामाला लागले आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला.

फाळक्यांच्या चित्रपटांनी मग कोल्हापुरात दोघांची झोप उडवली. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे नात्याने भाऊ, नाटकांचे पडदे रंगवणारे. लोक त्यांना 'पेंटर' म्हणत. चित्रपट काढायचा तर कॅमेरा हवा. त्यांनी एक प्रोजेक्टर मिळवला, त्याची रचना अभ्यासली आणि त्यावरून स्वतःच कॅमेरा बनवायला घेतला. १९१६ साली आनंदराव वारले. अर्धे राहिलेले काम बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या मदतीने तडीस नेले. १९२० साली 'सैरंध्री' आला आणि १९२५ साली 'सावकारी पाश'. कर्जापायी जमीन गमावून शहरात गिरणीकामगार झालेल्या शेतकऱ्याची ती कथा. शेतकऱ्याची भूमिका शांतारामबापूंची. पाहा, फाळक्यांच्या पौराणिक चित्रपटांपासून स्फूर्ती घेतलेला हा माणूस आमच्या चाळीपर्यंत येऊन पोहोचला! खऱ्या स्फूर्तीची ही एक खूण आहे. ती माणसाला दुसऱ्याच्या दारात बसवून ठेवत नाही, त्याच्या स्वतःच्या वाटेला लावते.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर यांनी बाबूरावांची कंपनी सोडली आणि कोल्हापुरात 'प्रभात' काढली. याला कोणी कृतघ्नपणा म्हणेल. मी म्हणणार नाही. हाताखालचा माणूस जन्मभर हाताखालीच राहिला, तर त्यात वस्तादाची काय थोरवी? १९३३ साली 'प्रभात' पुण्यात आली आणि १९३६ साली दामले-फत्तेलाल या जोडीने 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

त्या चित्रपटातच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. त्यातला सालोमालो तुकोबांचे अभंग उचलतो आणि आपलेच म्हणून मिरवतो. त्याच चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी बीज आणि वृक्ष यांच्या दृष्टांतावर एक अभंग लिहिला. तो तुकोबांच्या वळणाचा इतका उतरला की पुष्कळांना तो तुकोबांचाच वाटला. दोघांनीही तुकोबांकडूनच घेतले. मग एकाला चोर आणि दुसऱ्याला कवी का म्हणायचे? सालोमालोने तयार माल उचलला. आठवल्यांनी मालाला हात लावला नाही, तो घडवण्याची रीत आत्मसात केली. सालोमालोचे कष्ट वाचले, आठवल्यांचे वाढले. ज्याने आपले कष्ट वाढतात ती स्फूर्ती; ज्याने वाचतात ती चोरी. माझ्याजवळ एवढीच फूटपट्टी आहे.

मंडळी, सालोमालो केवळ देहूत नव्हता. यंत्रावरचा कामगार एखादी युक्ती काढतो आणि बक्षिसाच्या यादीत नाव निराळ्याचेच लागते, हा प्रकार मला अपरिचित नाही. दुसऱ्याकडून घेण्यात कमीपणा मुळीच नाही. न घेता कोणी मोठा झालेला नाही. कमीपणा आहे तो नाव पुसण्यात. कॅमेरा पुरा झालेला पाहायला आनंदराव उरले नव्हते. 'सैरंध्री'च्या गौरवात त्यांचा वाटा कोणी बोलून दाखवला नाही, तर तो कोणाला कळणार?

'प्रभात'च्या त्या जागेत १९६० साली चित्रपटांचे शिक्षण देणारी सरकारी संस्था सुरू झाली. जिथे वस्तादाच्या हाताखाली राहून विद्या मिळत होती, तिथे शाळा उघडली, हे उत्तमच झाले. पण शाळेत असो वा कारखान्यात, दोन गोष्टी पाळाव्या लागतील. ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव चारचौघांत घ्यावे आणि आपल्याला जे आले ते पुढच्यापासून लपवू नये. ऋण फेडायचे ते असे.