डिस्क कोणती, त्याहून प्रती किती?



घरच्या सर्व्हरसाठी कोणत्या कंपनीची हार्ड डिस्क घ्यावी, हा प्रश्न हल्ली संगणकाच्या दुकानांतून वारंवार ऐकू येतो. ज्या घरांत पूर्वी खरेदीखते, जन्मपत्रिका आणि वडीलधाऱ्यांची पत्रे लोखंडी पेटीत असत, तेथे आज एक लहानसा संगणक अहोरात्र चालू असतो आणि कुटुंबाची सारी छायाचित्रे व कागदपत्रे त्याच्या पोटात असतात. प्रश्न रास्त आहे, परंतु अर्धाच आहे.

कंपन्यांचे म्हणाल तर हार्ड डिस्क बनवणाऱ्या तीनच मोठ्या कंपन्या आता जगात उरल्या आहेत : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी २०१३ पासूनच्या आपल्याकडील डिस्कांच्या बिघाडांची आकडेवारी प्रसिद्ध करीत आली आहे. तिच्यावरून दिसते ते असे की, वर्षाकाठी शंभरातील साधारण एक ते दोन डिस्क निकामी होतात आणि एकाच कंपनीचे एक मॉडेल उत्तम, तर दुसरे सुमार निघते. माहितीपत्रकात ‘दहा लाख तास’ असा आकडा झळकत असतो. त्याची ११४ वर्षे होतात! डिस्क पणतवंडांपर्यंत चालेल, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. हजारो डिस्क एकत्र चालवल्या तर वर्षाला शंभरात जेमतेम एक बिघडेल, एवढेच तो आकडा सांगतो. ती एक कोणाच्या घरची असेल, हे कोण सांगणार? डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते खरी. पण गूगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास मांडला, तेव्हा निकामी झालेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक डिस्कांच्या नोंदींत बिघाडाची चाहूलही नव्हती.

तरीही निवड डोळसपणे करावीच. अहोरात्र चालण्यासाठी घडवलेली, दीर्घ हमी असलेली डिस्क घ्यावी आणि तिच्यातील लेखनाची पद्धत विचारून घ्यावी. काही डिस्कांत माहितीचे पट्टे छपरावरच्या कौलांप्रमाणे एकमेकांवर चढवलेले असतात. त्यामुळे थोड्या जागेत पुष्कळ मावते, पण मधले कौल बदलायचे तर शेजारची उचलावी लागतात, तशी तेथे फेरलेखनाला गती राहत नाही. सर्व्हरसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वेस्टर्न डिजिटलच्या काही डिस्क याच जातीच्या असून ग्राहकांना तसे सांगितलेले नाही, हे २०२० मध्ये उघडकीस आले आणि मोठा गहजब झाला. ‘सीएमआर’ ही अक्षरे पाहूनच खरेदी करावी, असे जाणकार सांगतात ते यासाठी.

आता उरलेल्या अर्ध्या प्रश्नाकडे वळू. अनेक जण दोन डिस्क एकाच यंत्रात बसवून निश्चिंत होतात. या रचनेला ‘रेड’ म्हणतात. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ती कल्पना १९८८ मध्ये मांडली. एक डिस्क गेली तर काम अडू नये, हा तिचा हेतू. पण चुकून एखादी फाइल पुसली, तर ती दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसली जाते. विजेचा झटका बसला, तर तो दोघींनाही बसतो. हा बॅकअप नव्हे. बॅकअप म्हणजे वेगळी ठेवलेली, जुनी अवस्था जपणारी प्रत.

पिक्सार या चित्रसंस्थेत १९९८ साली ‘टॉय स्टोरी २’चे काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाच्या फाइली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप होता, पण तो धड नाही हे तेव्हाच कळले. गॅलिन सुसमन या तंत्रज्ञ बाईंचे मूल तान्हे होते, म्हणून त्या घरून काम करीत; त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तीच कामी आली.

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक घराबाहेर, हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला संकेत म्हणूनच आजही मानला जातो. घराबाहेरच्या प्रतीचे महत्त्व महाराष्ट्राला निराळे सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत घरेच्या घरे पाण्याखाली गेली. तळमजल्यावरील कपाटात शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन प्रती अशा वेळी दोन्ही बुडतात. एक प्रत दुसऱ्या गावी, बहिणीच्या किंवा काकांच्या घरी असावी. तीही वापरानंतर सुटी करून ठेवलेली बरी, कारण मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’सारखे खंडणीखोर विषाणू संगणकाला जोडलेल्या डिस्कही कुलूपबंद करून टाकतात.

प्रत असणे एक आणि ती शुद्ध असणे दुसरे. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत सुमारे तीन शतकांत इतके अपपाठ शिरले की, शके १५०६ मध्ये एकनाथ महाराजांना तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. डिस्कवरची अक्षरेही कालांतराने मुकाट्याने बिघडतात. ‘झेडएफएस’सारखी फाइल-व्यवस्था प्रत्येक खंडाची पडताळणी-संख्या जपून असा अपपाठ ओळखते, ती तपासणी महिन्यातून एकदा चालवावी. तिमाहीत एकदा बॅकअपमधून दहा-वीस फाइली प्रत्यक्ष परत काढून उघडून पाहाव्यात.

पैशांची ओढाताण असेल, तर यंत्रातील दुसरी डिस्क आधी बाहेर काढावी आणि तिलाच परगावची प्रत करावे. ती प्रत सांकेतिक कुलपात ठेवली असेल, तर परवलीचा शब्द कागदावर लिहून घरातील आणखी एका जाणत्या माणसाच्या स्वाधीन करावा. त्या कागदासाठी मात्र जुनी लोखंडी पेटीच योग्य.