काम झालं का, हे कोण बघणार?



अध्यक्षपदाचा मान दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. अध्यक्षांनी वर्षभराचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे, तो थोडक्यात पाळतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला आणि एआय एजंटला आपल्या यंत्रणांची टूल्स जोडणं सोपं झालं. वर्षभराने त्याच प्रोटोकॉलमध्ये लांब चालणाऱ्या कामांसाठी ‘टास्क’ ही सोय प्रायोगिक म्हणून आली. डेटा मायग्रेशन, टेस्ट, रिपोर्ट असे तासनतास चालणारे बॅकग्राउंड जॉब आज एजंट सुरू करतो. आढावा इथे थांबवतो. पुढचा सगळा वेळ मला एकाच विषयासाठी हवा आहे, कारण तो मांडायची संधी मी अनेक वर्षं शोधतो आहे.

जॉब लिहिणाऱ्याला आपल्या धंद्यात बढती मिळते. तो जॉब पार पडला की नाही, हे रात्रभर बघत बसणाऱ्याचं नावही कुणाला ठाऊक नसतं. ही हयगय जुनीच आहे. आता आपण ती एजंटच्या हाती देतो आहोत.

असे बॅकग्राउंड जॉब चालवायला पायथनवाले सेलरी ही लायब्ररी वापरतात. तिला कधीच अस्तित्वात नसलेल्या टास्कचा आयडी देऊन स्टेटस विचारा. ‘असा टास्क नाही’ असं उत्तर येत नाही, ‘पेंडिंग’ येतं. जुना निकाल मुदत संपून पुसला गेला असेल, तरी ‘पेंडिंग’च. काम हातात घेतल्याची नोंद तर वेगळं सेटिंग चालू केल्याशिवाय होतच नाही. अनुभवी माणूस हे उत्तर बघून वर्करचा लॉग उघडतो. एजंट मात्र ‘आपला जॉब रांगेत असून लवकरच सुरू होईल’ असं नीटनेटकं वाक्य लिहून देतो, आणि ते वाक्य इतकं विश्वासाचं वाटतं की पुढे कुणी विचारत नाही. दोष मी मॉडेलला देणार नाही. असं टूल त्याच्या हाती देणाऱ्यांना, म्हणजे आपल्या पिढीच्या इंजिनिअरांना देईन.

सकाळच्या सत्रात वाद रंगला: एजंटने पोलिंग करत, म्हणजे पुन्हा पुन्हा स्टेटस विचारत राहावं, की जॉबने संपल्यावर वेबहुकने कळवावं? मी बरीच वर्षं बँकांच्या रात्रपाळीत काढली, तिथे या वादाचं उत्तर मला मिळालं. डे-एंडमध्ये व्याजाचा जॉब लागायचा. पडद्यावर ‘रनिंग’ दिसायचं, प्रोसेस जिवंत असायची. आमचे सुपरवायझर लॉगमधला शेवटचा खाते क्रमांक वहीत टिपत, चहा घेऊन येत आणि पुन्हा बघत. एका रात्री दोन्ही वेळा क्रमांक तोच निघाला. दुसऱ्या एका प्रोग्रामने टेबल लॉक करून ठेवलं होतं आणि आमचा जॉब नुसता ताटकळत होता. शाखा उघडायच्या आत तो मार्गी लागला, कारण एका माणसाने स्टेटस न बघता प्रगती बघितली. कितीही पोलिंग केलं असतं, तरी पडद्याने सकाळपर्यंत ‘रनिंग’च सांगितलं असतं.

वेबहुकवाल्यांनी ३१ जानेवारी २०१७ आठवावी. गिटलॅबच्या मुख्य डेटाबेसमधला सुमारे ३०० जीबी डेटा चुकून पुसला गेला. रोजचा बॅकअप शोधायला गेले तर बकेट रिकामी. बॅकअपचा जॉब पोस्टग्रेसच्या चुकीच्या आवृत्तीची कमांड चालवून रोज पडत होता. पडल्याचे ई-मेलही जात होते, पण त्यांवर सही नसल्याने मेल सर्व्हर ते नाकारत होता. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. म्हणून माझं मत पक्कं आहे: ठरलेल्या वेळेत निरोप आला नाही, तर तो जॉब पडला असंच धरायचं. ‘झालं’ असा निरोप आला, तरी किती रेकॉर्ड गेले, फाइल किती मोठी झाली, ते एजंटने स्वतः उघडून बघायचं.

आणखी एक गोष्ट, आणि इथे मी तडजोड करणार नाही. स्टेटस बघणाऱ्या टूलला जॉब पुन्हा चालवायचा अधिकार असू नये. एका ठिकाणी टाइमआउट झाला म्हणून जॉब पडला असं समजून तो पुन्हा लावला गेला. पहिला मागे चालूच होता. खातेदारांना व्याज दोनदा जमा झालं, आणि काहींनी ते सकाळीच काढूनही घेतलं. ती वसुली करताना काउंटरवरच्या कारकुनांनी काय ऐकून घेतलं, ते मी पाहिलं आहे. एजंट हाच घोळ काही सेकंदांत, शंभर जॉबवर, कुणाला न विचारता घालू शकतो.

या विषयावर मराठीत एक छोटी पुस्तिका निघावी, तिच्यात रात्रपाळीच्या जुन्या ऑपरेटरांचे अनुभव यावेत, असं मला वाटतं. ते कसं करायचं, हे कार्यकारिणीने ठरवावं. मी लागेल ती मदत करीन.

तरुण मित्रांना एवढीच विनंती करतो. सोमवारी कामावर गेलात की आपल्या एजंटला कधीच न चाललेल्या जॉबचा आयडी द्या आणि त्याचं काय झालं ते विचारा. ‘असा जॉब सापडला नाही’ असं उत्तर येईपर्यंत ते टूल प्रॉडक्शनमध्ये जाऊ देऊ नका.