फवारणी आणि फुफ्फुसे

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पीक डोक्याइतके वाढलेले; तुषार थेट श्वासात गेले. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील औषधांनी श्वासनलिका आकसतात, छातीत कफ दाटतो. वेळीच ॲट्रोपिन मिळाल्यास रोगी वाचू शकतो. पॅराक्वाट या तणनाशकाची गोष्ट निराळी. ते पोटात गेल्यास फुफ्फुसे कठीण होत जातात, आणि त्यावर उतारा नाही. नाकाला बांधलेला रुमाल वाफ अडवीत नाही, उलट ओला होऊन औषध नाकाशीच धरून ठेवतो. 1971 च्या कीटकनाशक नियमांनुसार फवारणाऱ्यास संरक्षक कपडे व श्वसनसाधन हवे. परंतु रोजंदारीच्या मजुराला ते देणार कोण? अर्थात, शेतमालकानेच. दम लागताच फवारणी थांबवावी, कपडे बदलावेत आणि दवाखान्यात जाताना औषधाचा डबा बरोबर न्यावा.