शहराची आंखणी आणि मुलांची शाळा

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं देवाचे आभार मानल्यावर आपली हिशेबाची वही उघडून पाहणें उचित होय. आमच्या वडिलांनीं देवळाशेजारीं शाळा बांधिली. आम्ही आपल्या मुलांसाठीं काय राखून ठेवीत आहों, हाच प्रश्न आज आम्ही आपणांपुढें मांडणार आहों.

मुंबई शहराचा इतिहास या बाबतींत बोधप्रद आहे. 1896 सालीं मांडवी भागांत प्लेग उद्भवला, तेव्हां दाटीवाटीच्या वस्तीचे दुष्परिणाम सरकारास दिसले आणि 1898 सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर, माटुंगा, शीव या बाजूस त्यानें रुंद रस्ते व मोकळ्या जागा आंखून नवी वस्ती वसविली. 1918 सालीं विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें इलाख्यांतील नगरपालिकांसाठीं प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. 1920 सालीं मुंबई शहरासाठीं स्वतंत्र कायदा झाला, आणि 1925 सालीं एफ व जी या वॉर्डांत सक्तीच्या शिक्षणास आरंभ झाला. मुलास शाळेंत बोलावणारा कायदा आणि शाळेस जागा देणारा नकाशा हे दोन्ही बरोबर चालले, तरच शिक्षण घरोघरीं पोहोंचतें.

आमच्या साष्टीचा मोठा भाग 1950 व 1957 सालीं बृहन्मुंबईंत सामील झाला. शेतें गेलीं, वाड्या गेल्या, गावठाणाभोंवतीं उंच इमारती उभ्या राहिल्या. आतां शाळेची जागा कोणा उदार मालकाच्या दानानें मिळावयाची नाहीं. ती विकास आराखड्यांतच राखून ठेवावी लागते. तशी सोय 1966 च्या नगररचना कायद्यांत आहे. पण आरक्षण म्हणजे शाळा नव्हे. दहा वर्षांत जागा संपादन झाली नाहीं, तर मालकास नोटीस देण्याचा अधिकार आहे. त्यानंतरही ठराविक मुदतींत कांहीं न घडल्यास आरक्षण रद्द होतें. नकाशावरील रंग पुसला जातो, आणि मुलें मात्र तेथेंच राहतात.

2009 च्या शिक्षणहक्काच्या कायद्याखालील नियमांप्रमाणें पहिली ते पांचवीच्या मुलांस 1 किलोमीटरच्या आंत व सहावी ते आठवीच्या मुलांस 3 किलोमीटरच्या आंत शाळा असावी. परंतु फुटपट्टीनें मोजलेला किलोमीटर आणि सहा वर्षांच्या मुलीच्या पावलांनीं मोजलेला किलोमीटर एक नव्हेत. मध्यें आगगाडीचे रूळ किंवा हमरस्ता आला कीं जवळची शाळा दूर होते. ही गोष्ट नकाशा काढणारास ठाऊक नसते. आईस ठाऊक असते. म्हणून आईनें ती लिहून कळविली पाहिजे.

लिहून उपयोग काय, असें कोणी म्हणेल. 2015 सालीं प्रसिद्ध झालेला मुंबईच्या आराखड्याचा मसुदा नागरिकांच्या हरकतींमुळें बाजूस ठेवावा लागला. 2016 सालीं सुधारलेला मसुदा निघाला व 2018 सालीं तो मंजूर झाला. तेव्हां सामान्य माणसाचा अर्ज अगदींच निष्फळ ठरत नाहीं.

आतां थोडें आपल्याच घरांत पाहूं. दुर्बल घटकांतील मुलांसाठीं जागा राखण्याचा नियम या कायद्यांत आहे; परंतु हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांस लागू नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें 2014 सालीं दिला. हा अधिकार घटनेनें दिलेला आहे व तो आम्हांस प्रिय आहे. पण कायद्यानें सूट दिली म्हणून विवेकानेंही सूट दिली काय? शाळेच्या कुंपणापलीकडील झोपडींतील मूल आमच्या दारावरून परत गेलें, तर या ज्युबिलीचे दिवे कोणासाठीं लाविले?

बंधुभगिनींनो, आम्ही तीनच गोष्टी मागतों. धर्मग्रामांतील चार जाणत्यांनीं वॉर्ड कचेरींत जाऊन आपल्या भागांत शाळा व मैदान यांसाठीं कोणत्या जागा राखल्या आहेत, तें पाहून यावें. आपल्या शाळेचें पटांगण कितीही मोल आलें तरी मुलांसच राहूं द्यावें. आणि दरवर्षीं कांहीं गरीब मुलांस, मग तीं कोणत्याही धर्माचीं असोत, आपल्या शाळेंत आनंदानें जागा द्यावी.

वडिलांनीं आम्हांस देऊळ व शाळा दिली. पुढील ज्युबिलीस येथें उभे राहणारे लोक आमच्याविषयीं काय बोलतील, तें आजच्या आमच्या वागण्यावर ठरेल. देव आम्हांस तशी सद्बुद्धि देवो.