संगणक कोणाच्या सोयीचा?



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या कार्यप्रणालीच्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबविल्या. यंत्रे बंद पडली नाहीत. पण पुढे उघडकीस येणाऱ्या चोरवाटा बुजविण्याची हमी संपली. विंडोज ११ घ्यावी, तर तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. म्हणजे धडधाकट यंत्र भंगारात, आणि नव्याचा खर्च ऊसतोड्याच्या वर्गणीतून! कोणता कोयता कोणत्या मुकादमाकडे, उचल किती, भरपाईचा अर्ज कोठे अडला, हे सारे ज्या यंत्रात आहे, ते उघडे टाकताही येत नाही.

दुसरा मार्ग लिनक्सचा. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहिला. तो वापरण्याची, तपासण्याची, बदलण्याची व वाटण्याची मुभा परवान्यातच आहे. आपल्या सी-डॅकची ‘बॉस’ प्रणाली त्यावरच उभी आहे. केरळच्या सरकारी शाळांनीही हाच मार्ग धरला.

परंतु फुकट आहे म्हणून घ्यावे, हा न्याय नव्हे. जाणकार प्रणालीच्या गुणांवर वाद घालतात. आपण खुर्चीवर बसणाऱ्याचे काम पाहावे. रोज नोंदी करणाऱ्या बाईला न विचारता प्रणाली बदलणे, म्हणजे कामगाराला न विचारता पाळी बदलणे होय.

प्रथम कामांची यादी करा: मराठी टंकलेखन, छपाई, स्कॅनर, सरकारी संकेतस्थळे. जुनी पत्रे युनिकोडपूर्व फाँटमध्ये असतील, तर तो फाँट नसलेल्या यंत्रावर निव्वळ गिचमीड दिसेल. ती आधी युनिकोडमध्ये आणा. सर्व नोंदींची प्रत वेगळी काढून ठेवा. मग लिनक्स मिंटसारखी, विंडोजच्या वळणाची प्रणाली पेनड्राइव्हवरून चालवा. जुनी प्रणाली न पुसता पारख होते. दोन-तीन दिवस त्या बाईनेच खरे काम करून पाहावे. प्रिंटर अडला, डिजिटल सहीची किल्ली चालली नाही, तर त्या कामापुरते एक विंडोज ११ चे यंत्र राखावे; त्यात कमीपणा नाही.

शेवटचा प्रश्न सर्वांत मोठा: अडल्यावर हाक कोणाला मारणार? जिचा जाणकार तालुक्यात सापडतो, ती प्रणाली आपल्याला बरी. आणि निदान दोघांना तरी ती शिकवा. सारे ज्ञान एकाच्याच हाती राहिले, तर कंपनीची मक्तेदारी जाऊन गावातल्या एका माणसाची येईल. आणि मक्तेदारी घरची असली, म्हणून ती गोड होत नाही.